पाकिटावरचा इशारा आपल्यापर्यंत पोचतच नाही

आजचा एपिसोड चहाच्या टपरीवर उभं राहून ऐकत असाल, तर जरा आजूबाजूला बघा. सिगरेट ओढणाऱ्यांपैकी किती जणांच्या खिशात पूर्ण पाकीट आहे? माझा अंदाज, फार तर एक-दोघांच्या. बाकी सगळे 'भाऊ, एक सुटी दे'वाले. मीही त्यातलाच होतो.

बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला आमच्या कॉलेजमध्ये व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. मोठ्या फलकावर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या आणि तिथून सरळ गेटबाहेरच्या टपरीवर गेलो. आता वाटेल, काय खोटारडी पोरं! पण तसं नव्हतं. तंबाखूवर कडक कायदा हवा का, असं विचारलं असतं तर आम्ही मनापासून 'हो' म्हटलं असतं. फक्त तो कायदा 'व्यसनी' लोकांसाठी हवा होता. आम्ही काय, सबमिशनच्या रात्री आणि पेपर संपल्यावर, 'कधीतरी'वाले.

कायदा आहे बरं का. २००३ च्या कोटपा कायद्यानुसार १८ वर्षांखालच्या कुणालाही तंबाखू विकता येत नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरमध्ये, विक्रीच करता येत नाही. आमची टपरी गेटपासून चाळीस पावलांवर होती. तिथे उधारीची वही होती, आणि त्या वहीत माझंही नाव होतं.

आता मुद्द्यावर येतो. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर चित्रासकट इशारा छापावा लागतो. २०१८ पासून त्यावर तंबाखू सोडायला मदत करणारा फोन नंबरही असतो. पण विद्यार्थी पाकीट घेतो कुठे? तो सुटी सिगरेट घेतो. म्हणजे इशारा आणि मदतीचा नंबर दोन्ही टपरीवाल्याच्या डब्यात राहतात, आपल्या हातात येते फक्त सिगरेट. आमच्या भाषेत सांगायचं तर एरर मेसेज नीट लिहिलेला आहे, पण तो युजरच्या स्क्रीनवर येतच नाही. शिवाय सुटी परवडते, त्यामुळे 'एकच तर' म्हणत सवय लागते आणि दिवसाला किती झाल्या याचा हिशोब राहत नाही. म्हणूनच महाराष्ट्रात २०२० मध्ये सुटी सिगरेट आणि बिडी विकायला बंदी आली. ती किती पाळली जाते, हे तुमच्या टपरीवर तुम्हालाच दिसेल.

आणि आपल्याकडे सिगरेट तर छोटा भाग आहे. २०१६-१७ च्या गॅट्स सर्वेक्षणात महाराष्ट्रातले साधारण २७ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते, पण ओढणारे जेमतेम ४ टक्के. बाकी सगळा मामला खाण्याचा, म्हणजे तंबाखू-चुना, गुटखा, मावा. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, नंतरच्या आदेशांत मावा-खर्राही आला. पण मावा टपरीवरच तयार होतो. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदात घोटायचा की पुडी तयार. तिच्यावर ना चित्र, ना नंबर.

माझा रूम पार्टनर मावा खायचा. आम्ही त्याला कधी टोकलं नाही, कारण धूर नाही, वास नाही, रूममध्ये कुणाला त्रास नाही. शेवटच्या वर्षाला मेसची साधी भाजीसुद्धा त्याला झोंबायला लागली. मग एकदा वडापाव खाताना त्याचं तोंडच पुरेसं उघडेना. आम्ही हसलो. हे आठवलं की आजही लाज वाटते.

डेंटिस्टने त्याला तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. सुपारीमुळे गालाच्या आतली कातडी कडक होत जाते, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सवय सोडली तरी आलेला कडकपणा सहसा पूर्ण जात नाही, आणि पुढे तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्याने मावा त्याच आठवड्यात बंद केला. सात वर्षं झाली, आजही दोनच बोटं जातात. दर सहा महिन्यांनी तो तपासून घेतो.

माझी सिगरेट तिसऱ्या प्रयत्नात सुटली. पहिले दोन प्रयत्न फक्त जिद्दीवर केले होते. तिसऱ्या वेळी आधी टपरी बदलली, म्हणजे चहा कॅन्टीनमध्ये प्यायला लागलो आणि मित्रांना सांगून टाकलं की मला ऑफर करू नका. तलफ आली की पाच-दहा मिनिटं काढायची, ती ओसरते. हे मला फोनवरच्या समुपदेशकाने सांगितलं. तो पाकिटावरचा नंबर आहे १८००-११-२३५६. कॉल फुकट आहे. तुम्ही पाकीट घेत नसाल, म्हणून इथे वाचून दाखवला.

आता मोबाईल खाली ठेवा आणि तीन बोटं उभी धरून तोंडात घालून बघा. मावा खाणारा मित्र शेजारी असेल, तर त्यालाही करायला सांगा. बोटं गेली नाहीत तर हसू नका, त्याला डेंटिस्टकडे घेऊन जा.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.