ट्यूबला पावडर का मारतात?

नवी ट्यूब खोक्यातून काढली की बोटांना पांढरी भुकटी लागते. व्हॉल्व्हमधली पिन काढून ट्यूब दाबली, तर आतूनही थोडी पांढरी धूळ बाहेर येते. ती कारखान्यातच मारलेली असते. तयार झालेली ट्यूब हवा काढून, चपटी करून, घड्या घालून खोक्यात भरतात आणि मग ती गोदामात नि दुकानात महिनोन्‌महिने तशीच पडून राहते. आतबाहेर भुकटी नसेल, तर रबर रबराला धरून बसते आणि वापरायच्या वेळी घड्या सुटत नाहीत. टायरमध्ये ट्यूब घालताना पंक्चरवाला पुन्हा पावडर मारतो, तेव्हा कारखान्यात सुरू झालेलेच काम तो पुढे नेत असतो.

या पावडरीबद्दल गिऱ्हाइकांमध्ये बरेच समज आहेत. पावडरीने ट्यूब थंड राहते, असे कोणी सांगतो. पंक्चर कमी होतात, अशी कोणाची खात्री असते. बाभळीचा काटा मात्र पावडरीला विचारत नाही. तो टायर आणि ट्यूब दोन्ही भेदून जातो. पावडरीचे खरे काम एकच आहे, दोन रबरी पृष्ठभागांना एकमेकांवरून सरकू देणे. काम साधे वाटते, पण ट्यूबचे आयुष्य बऱ्याच अंशी त्यावर ठरते.

ज्याने घामेजलेल्या हातात रबरी हातमोजा चढवून पाहिला असेल, त्याला हे लगेच कळेल. मोजा एका बोटाला चिकटतो, दुसरीकडे ताणला जातो आणि जोर केला की फाटतो. टायरच्या आत ट्यूबचे नेमके असेच होते. ट्यूब टायरच्या पोकळीपेक्षा थोडी लहान असते आणि हवा भरली की फुगून, ताणून ती पोकळी भरून काढते. फुगताना तिचा सगळा भाग एकाच क्षणी टायरला टेकत नाही. जो भाग आधी टेकतो, तो कोरड्या रबराला पकडून तिथेच थांबतो. मग उरलेल्या भागाला आपल्या वाट्यापेक्षा जास्त ताणावे लागते आणि तिथे ट्यूब पातळ होते. कुठे जास्तीची ट्यूब गोळा होऊन चुणी पडते. ही चुणी हवेच्या दाबाखाली दुमडलेलीच राहते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर मुडपते. मग काही आठवड्यांनी काटा नाही, खिळा नाही, तरी हवा उतरते. अशी ट्यूब काढून पाहिली तर घडीच्या रेषेवरच चीर सापडते. पावडर असती तर चिकटलेला भाग सरकला असता आणि ताण सगळीकडे वाटला गेला असता.

मूळ पावडर म्हणजे टाल्क. मराठीत तिला संगजिरे किंवा शंखजिरे म्हणतात आणि धंद्यात फ्रेंच चॉक. शिंपी कापडावर खुणा करायला हाच चॉक वापरत आले आहेत. रसायनशास्त्राच्या भाषेत हे मॅग्नेशियमचे जलयुक्त सिलिकेट. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्‌स मापावर हिऱ्याला १० गुण आहेत आणि टाल्कला १, म्हणजे सगळ्यांत कमी. नखानेही त्यावर ओरखडा उठतो. त्याचे स्फटिक पत्त्यांच्या कॅटासारखे थरावर थर असे असतात आणि या थरांमधली पकड इतकी ढिली असते की नुसत्या बोटाच्या दाबाने ते एकमेकांवरून घसरतात. चिमटीत धरले की जो गुळगुळीतपणा जाणवतो, तो या घसरत्या थरांचा. शिवाय टाल्क पाण्यात विरघळत नाही, टायरच्या उष्णतेला दाद देत नाही आणि रबराला अपायही करत नाही. भारतात त्याच्या मोठ्या खाणी राजस्थानात आहेत.

पावडर मारायला सुटी ट्यूब लागते आणि ती सायकलस्वाराच्या हाती आली, ही फार जुनी गोष्ट नाही. जॉन बॉइड डनलप या बेलफास्टच्या पशुवैद्याने १८८८ मध्ये आपल्या मुलाच्या तिचाकीसाठी हवेचा टायर केला, पण त्या काळचे हवेचे टायर रिमला चिकटवलेले असत. पंक्चर काढायचे म्हणजे सगळे उखडून पुन्हा चिकटवायचे आणि वाळत ठेवायचे. असाच एक टायर १८८९ मध्ये फ्रान्समधल्या क्लेर्माँ-फेराँ इथे मिशलँ बंधूंच्या कारखान्यात दुरुस्तीला आला. त्यावर काही तास गेले, रात्रभर वाळवणे झाले आणि दुसऱ्या दिवशी थोड्याच अंतरावर तो पुन्हा बसला. त्यातून मिशलँ बंधूंनी रिमवरून सहज काढता येणारा टायर तयार केला. १८९१ च्या पॅरिस–ब्रेस्त–पॅरिस शर्यतीत शार्ल तेराँने तो वापरला आणि सुमारे १,२०० किलोमीटरचे अंतर ७२ तासांच्या आत कापून शर्यत जिंकली. टायर सुटा झाला तशी ट्यूबही सुटी झाली आणि ती नीट बसवण्याचे कसब रस्त्याकडेच्या कारागिराकडे आले.

ट्यूबचे रबरही पुढे बदलले. १९३७ मध्ये अमेरिकेत विल्यम स्पार्क्स आणि रॉबर्ट टॉमस यांनी ब्यूटाइल रबर शोधले. नैसर्गिक रबरापेक्षा ते कित्येक पटींनी हवा धरून ठेवते, म्हणून आजच्या बहुतेक ट्यूब ब्यूटाइलच्या असतात. शर्यतीचे काही सायकलपटू मात्र अजूनही वजनाला हलक्या, लवचीक लॅटेक्स ट्यूब घालतात. त्यांतून हवा इतकी झिरपते की रोज पंप मारावा लागतो. या ट्यूब पातळ आणि चिकट असतात, त्यामुळे तिथे पावडर अत्यावश्यक ठरते. रोजच्या वापरातल्या सायकलला जाड ब्यूटाइल ट्यूब असेल, तर पावडरीविना लगेच काही बिघडत नाही, हेही सांगायला हवे. ओझे, उष्णता आणि वेग वाढत जातात तशी तिची गरज वाढते.

जुन्या २८ इंची सायकलचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे साडेचारशे वेळा फिरते, तर १० इंची रिमच्या स्कूटरचे सातशेहून अधिक. प्रत्येक फेऱ्यात टायरचा जमिनीवर टेकलेला भाग चपटा होतो आणि पुन्हा गोल होतो. तेवढ्यात ट्यूब टायरवर किंचित घासते. या घासण्याची झीज विशेष सोसावी लागते ती ऊस वाहणाऱ्या टायरगाड्यांच्या चाकांत. बीडसारख्या जिल्ह्यांतून पश्चिम महाराष्ट्रात उतरणाऱ्या ऊसतोड कुटुंबांच्या या गाड्या मापाबाहेर भरलेल्या असतात आणि शेतातल्या मऊ मातीतून, कधी ढेकळांवरून, कधी कच्च्या रस्त्यावरून जातात. टायर बहुधा जुना असतो, आतून खरखरीत झालेला, कुठे धागे वर आलेला. अशा टायरमध्ये कारागीर कापलेल्या जागी गेटर, म्हणजे जुन्या टायरचा तुकडा, आतून टाकतो आणि मग पावडर मारतो. भर हंगामात गाडी बसली तर त्या दिवसाची मजुरी बुडते.

स्कूटरची गोष्ट वेगळी. आकुर्डीच्या कारखान्यातून निघालेली बजाज चेतक १९७२ मध्ये रस्त्यावर आली आणि महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत तिने तीसेक वर्षे संसार वाहिला. तिची रिम दोन तुकड्यांची. तुकडे नटांनी जोडताना ट्यूबची कड मध्ये सापडली की ती चिमटून कापली जाई. म्हणून जाणता कारागीर आधी ट्यूबमध्ये थोडीशी हवा भरून तिला गोल करी, पावडर मारून टायरमध्ये नीट बसवी आणि मगच रिम जोडी. गोल, निसरडी ट्यूब कडेपासून आपोआप आत सरके. ज्यांच्याकडे अशी स्कूटर अजून आहे, त्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. चाक उघडताना रिमचे नट ढिले करण्याआधी सगळी हवा सोडायची. दाबाखालची रिम उडून माणूस जखमी होऊ शकतो.

पॅच लावल्यावरही पावडरीची गरज असते. घासलेल्या जागी पसरलेले सोल्यूशन पॅचच्या कडेबाहेर उरते आणि त्याचा चिकटपणा टायरला पकडतो. पुढच्या वेळी ट्यूब ओढून काढताना पॅचच निघून येतो. म्हणून जुन्या पंक्चर-डब्यांत पॅच आणि सोल्यूशनबरोबर फ्रेंच चॉकचा छोटा खडा असे. तो डब्याच्या खरखरीत भागावर घासून भुकटी पाडायची आणि ओल्या कडेवर टाकायची.

मात्र पावडर किती आणि कुठे, याला महत्त्व आहे. ट्यूबवर हात फिरवल्यावर पातळ पांढरट लेप दिसला की पुरे. ओंजळभर ओतली तर ती टायरच्या तळाशी साठते, पावसाचे पाणी आत गेले की गोळे होतात आणि तेच गोळे ट्यूबला टोचतात. टायरची कड जिथे रिमवर बसते, तिथे पावडर टाकू नये. कड बसवायला साबणाचे पाणी वापरतात. ग्रीस किंवा इंजिन ऑइल तर कधीच नको, कारण तेलाने रबर फुगते आणि सडते. रांगोळी किंवा खडूची भुकटी खरखरीत असते, तीही नको. घरातली बेबी पावडर वापरायची असेल तर डब्यावरचा मजकूर वाचावा. जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मध्ये जगभर टाल्कची बेबी पावडर बंद करून मक्याच्या स्टार्चची सुरू केली. स्टार्च ओल धरतो आणि त्याची खळ होते, म्हणून तो ट्यूबसाठी निकामी.

हवा कमी असली तर मात्र उत्तम पावडरही वाचवत नाही. ब्रेक दाबला की टायर रिमवर सरकतो, ट्यूबला ओढतो आणि व्हॉल्व्ह तिरका होतो. काही दिवसांत तो बुडाशी फाटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला, तर हवा कमी असताना गाडी चालली आहे, हे समजावे.

जो दिवसभर हे काम करतो, त्याचा विचार यात सहसा कोणी करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२४ मध्ये टाल्कला ‘माणसांत बहुधा कर्करोगकारक’ अशा गटात टाकले. वर्षातून एकदा ट्यूब बदलणाऱ्याला घाबरण्याचे कारण नाही. दिवसाला पंचवीस-तीस टायर खोलणारा कारागीर आणि त्याच्या हाताखालचा पोऱ्या मात्र ही धूळ रोज श्वासाबरोबर आत घेतात. उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे. ट्यूब आणि चमचाभर पावडर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायची, तोंड बंद करून हलवायची, थोडा वेळ तशीच ठेवायची आणि मग ट्यूब झटकून टायरमध्ये घालायची. लेप सारखा बसतो आणि धूळ हवेत उडत नाही.

पुढच्या वेळी ट्यूब बदलायला गेलात, तर दोन गोष्टी करा. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापड फिरवायला सांगा, म्हणजे जुना काटा किंवा खडा राहणार नाही. आणि पावडर डब्यातून झटकण्याऐवजी पिशवीत मारायला सांगा. कारागिराला त्याचे कारणही सांगा.