पाच मिलिमीटरची चूक

नातीला पुण्याहून सायकलने कोकणात जायचे होते आणि मागच्या चाकाची रिम वाकलेली होती. नवे चाक घरीच बांधू, असे मी जाहीर करून टाकले. बँकेत उभा जन्म आकडेमोडीत गेला. ३६ स्पोकची लांबी काढणे काय अवघड, असा माझा समज!

हिशेब तसा शाळेतलाच. १८७४ साली जेम्स स्टार्ली या इंग्रज कारागिराने तिरप्या स्पोकच्या चाकाचे पेटंट घेतले. स्पोक हबपासून तिरपा निघतो, म्हणून पॅडलचा जोर रिमपर्यंत पोचतो. पण म्हणूनच त्याची लांबी साध्या वजाबाकीने निघत नाही.

निप्पल जिथे टेकते तिथली रिमची त्रिज्या ३०० मिलिमीटर, हबवरच्या भोकांच्या वर्तुळाची २२ आणि चाकाच्या मध्यापासून हबच्या डाव्या कडेचे अंतर ३५. तिन्हींचे वर्ग मिळवायचे. एका कडेला १८ भोके, म्हणजे दोन भोकांत २० अंश. प्रत्येक स्पोक तीन स्पोकना ओलांडतो, म्हणून कोन ६० अंशांचा. त्याची कोसाइन नेमकी अर्धी. तेव्हा दोन्ही त्रिज्यांचा गुणाकार एकदाच वजा करायचा. उरतात ८५,१०९. वर्गमूळ २९१.७, त्यातून स्पोकच्या भोकाची त्रिज्या १.३ गेली की २९०.४. उजवीकडे गिअरच्या चकत्यांमुळे कड मध्यापासून २० मिलिमीटरवरच येते. तिथला स्पोक २८९ चा.

माझे डावीकडचे उत्तर मात्र २८५ आले होते. गणित दोनदा तपासले, स्पोक आणले, चाक विणले. निप्पलात जेमतेम काही आटे धरले. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याने चाक हातात घेतले. "काका, हे फिरेल, पण घाटात भार आला की आटे निसटतील. रिम मोजली कशी?"

टेपने, आतल्या कडेपासून कडेपर्यंत. भरली ५९०. निप्पल त्याहून पाच मिलिमीटर खोल बसते, हे माझ्या ध्यानीमनीही नव्हते.

त्याने २५० मिलिमीटरवर कापलेले दोन जुने स्पोक समोरासमोरच्या भोकांत निप्पल लावून ताणले आणि मधली फट मोजली. १००. एकूण ६००, निम्मे ३००. रिम फिरवून आणखी दोन ठिकाणी मोजले, तेव्हा कुठे कागदावर लिहू दिले.

बेरीज जुळली तरी मूळ नोंद चुकीची असू शकते, हे मी नव्या कारकुनांना वर्षानुवर्षे बजावत आलो होतो. नातीचा जीव त्या चाकावर असताना मीच ते विसरलो.

आखूड स्पोक आता आमच्या कुंड्यांतल्या वेलींना आधार देत उभे आहेत. ताम्हिणी घाट उतरल्यावर नातीचा फोन आला. पाऊस, धुके, वाटेतली गरम भजी, सगळे सांगून झाले. चाकाबद्दल ती अवाक्षरही बोलली नाही. मला तेवढेच ऐकायचे होते.