हिरवळीची निगा व जमिनीची निगा

बेडसे गांवाहून लेण्यांकडे जाणारी वाट चढतांना मागें वळून पाहिलें, तर मावळांतील भातखाचरें दिसतात, व अलीकडे शहरांतील लोकांनीं बांधलेले बंगलेहि दिसतात. वैशाखांत डोंगर पिवळा पडलेला असतो. बंगल्यापुढील हिरवळ मात्र पोपटासारखी हिरवी! ती पाहून मालकास वाटतें कीं, आपल्या जागेची निगा उत्तम चालली आहे. या समजुतींत एक चूक आहे; तीच येथें दाखवावयाची आहे.

हिरवळीची निगा हें आठवड्याचें काम होय. गवत कापतांना पात्याच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून अधिक भाग एका वेळीं छाटूं नये. नाहींतर मुळें दुबळीं होतात. रोज थोडें थोडें शिंपण्यापेक्षां दोन-तीन दिवसांआड खोलवर मुरेल असें पाणी द्यावें. हीं कामें माळी सहज करितो, व त्यांचें फळ पंधरा दिवसांत दिसतें.

परंतु गवताची तहान मोठी असते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर हिरवळीस उन्हाळ्यांत दिवसाला सरासरी ५ मिलिमीटर पाणी धरलें, तर ५०० लिटर होतें. तीन महिन्यांचें ४५,००० लिटर! मावळांत पाऊस उदंड, पण तो बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. डोंगर काळ्या पाषाणाचा, वर मातीचा थर पातळ. म्हणून पाणी उतारानें धांवतें, माती घेऊन जातें, आणि उन्हाळ्यांत विहिरी तळ दाखवितात. जमिनीखालचें पाणी कुंपण ओळखीत नाहीं. बंगल्याच्या कूपनलिकेनें उपसलेलें पाणी शेजारच्या विहिरीचेंहि असूं शकतें.

इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाच्या सुमारास ज्यांनीं बेडशाचीं लेणीं कोरविलीं, त्यांनीं राहण्याच्या खोल्यांबरोबर पाण्याचीं टांकींहि खडकांत खोदविलीं. पाण्याचा विचार त्यांनीं वस्तीपासून वेगळा केला नाहीं.

जमिनीची निगा हें वर्षांचें काम होय, आणि त्याचा आरंभहि पाण्यापासूनच करावा. पावसाचें पाणी कोठून येतें व कोठें जातें, हें एक पावसाळाभर पाहावें. उतारावर आडव्या ताली घालाव्या. पहिला चांगला पाऊस झाल्यावर आंबा, जांभूळ, हिरडा, करंज अशीं येथल्या मातीचीं झाडें लावावीं. दोन-तीन उन्हाळे त्यांस पाणी द्यावें. पुढें तीं आपलें पाणी आपण शोधतात. पालापाचोळा न जाळतां आळ्यांत पसरावा, म्हणजे ओल टिकते. डोंगराकडील वाळलेलें गवत मात्र वेळींच कापावें. वणव्याचें भय तिकडूनच असतें.

झाडाची जागाहि विचारानें ठरवावी. मीं स्वतः हौसेनें भिंतीलगत उंबर लावला. कांहीं वर्षांनीं त्याच्या मुळांनीं पायरी उचलली व शेवटीं तो तोडावा लागला. रोप लावतांना वाढलेलें झाड डोळ्यांपुढें आणलें नाहीं, हा दोष माझा.

हिरवळ मुळींच असूं नये, असें माझें म्हणणें नाहीं. मुलांस खेळण्यापुरती ती ठेवावी. उरलेली जमीन सावलीस द्यावी. वाळलेली हिरवळ एका पावसाळ्यांत पुन्हां येते. वाहून गेलेली वीतभर माती माणसाच्या आयुष्यांत परत येत नाहीं. विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं कित्येकजण पुढें घरें बांधतील. तेव्हां गवत आणण्यापूर्वीं जमिनीचा उतार पाहावा, इतकीच विनंति.