पाण्याचा रेणू वाकडा का?

मागच्या व्याख्यानात आपण इलेक्ट्रॉनच्या जोडीतून बंध कसा तयार होतो ते पाहिलं. आज पुढचा प्रश्न घेऊ. कार्बन डायॉक्साईडमध्ये तीन अणू आहेत, पाण्यातही तीनच. मग पहिला रेणू सरळ रेषेत आणि दुसरा वाकडा, असं का? रेणूसूत्र पाहून हे आधीच सांगता येईल का?

बहुतेक वेळा येतं. १९४० मध्ये सिज्विक आणि पॉवेल यांनी याची मूळ कल्पना मांडली. १९५७ मध्ये गिलेस्पी आणि नायहोम यांनी तिला आजचं रूप दिलं. कल्पना अगदी साधी आहे. मधल्या अणूभोवतीच्या इलेक्ट्रॉनच्या जोड्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब राहतात.

चार फुगे फुगवून त्यांची तोंडं एकत्र बांधा. ते टेबलावर फुलीसारखे सपाट पडून राहत नाहीत, चार दिशांना फाकतात. हाच चतुष्फलक. दोन फुगे असतील तर समोरासमोर, तीन असतील तर एका प्रतलात १२० अंशांवर.

आता मोजू या. कार्बन डायॉक्साईडमध्ये कार्बनला दोन्ही बाजूंनी दुहेरी बंध आहेत. दुहेरी बंध आपण एकच गट धरतो, कारण त्यातले इलेक्ट्रॉन एकाच दिशेला असतात. दोन गट, म्हणजे कोन १८० अंश. रेणू सरळ.

पाण्यात ऑक्सिजनच्या बाह्यतम कक्षेत सहा इलेक्ट्रॉन. दोन बंधांत गेले, चार उरले. म्हणजे दोन एकाकी जोड्या. एकूण गट चार, रचना चतुष्फलकाची. पण आकार सांगताना आपण फक्त अणू बघतो, म्हणून रेणू वाकडा दिसतो. इथेच विद्यार्थी चुकतात: एकाकी जोडी आकाराच्या नावात येत नाही, पण आकार ठरवते तीच!

कोनाचंही तसंच. मिथेनमध्ये चारही जोड्या बंधातल्या, कोन १०९.५ अंश. अमोनियात एक एकाकी जोडी, कोन सुमारे १०७. पाण्यात दोन, कोन १०४.५. एकाकी जोडी एकाच अणूकेंद्राच्या ताब्यात असल्यामुळे जास्त पसरते आणि बंधांना आत ढकलते.

या वाकडेपणानं बिघडतं काय? उलट सगळं जमतं. कार्बन डायॉक्साईडमध्ये दोन बंधांची ध्रुवीयता विरुद्ध दिशांना असल्यानं रद्द होते. पाण्यात ती रद्द होत नाही. एका बाजूला थोडा ऋण, दुसऱ्या बाजूला थोडा धन प्रभार राहतो. म्हणूनच मीठ पाण्यात सहज विरघळतं. पाण्याचा रेणू सरळ असता तर आपल्या रक्तातले क्षारसुद्धा असे विरघळून राहिले नसते.

मात्र या पद्धतीकडून अचूक कोनाची अपेक्षा नको. हायड्रोजन सल्फाईडमध्येही दोन बंध आणि दोन एकाकी जोड्या, तरी कोन सुमारे ९२ अंशच. आकार वाकडा हे बरोबर येतं, आकडा मात्र प्रयोगानंच काढावा लागतो.

आता एक उदाहरण तुमच्यासाठी: झेनॉन टेट्राफ्लोराईड. झेनॉनचे आठ इलेक्ट्रॉन, बंध चार. एकाकी जोड्या किती आणि त्या कुठे बसतील? कागदावर मांडून बघा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.