दिसतो म्हणून मुबलक?

त्र्यंबकेश्वरचं दर्शन आटोपून बरेच भाविक पुढे भीमाशंकर गाठतात आणि तिथल्या जंगलात मान वर करून शेकरू शोधतात. तासाभरात शेपटीचा झुपकाही दिसला नाही, की ‘संपत आलं बिचारं’ असं ठरवून मोकळे होतात. याउलट पावसाच्या तोंडावर आंबोलीला जाऊन आलेला सांगतो, ‘टोड काय, पायलीला पन्नास!’ दोघांचंही चुकतं.

शेकरू भीमाशंकरपुरतं नाही. फणसाड, महाबळेश्वर, कोयना, मेळघाट आणि खुद्द आंबोलीतही ते आहे. जागतिक निसर्गसंवर्धन संघाच्या (आययूसीएन) यादीत त्याची नोंद ‘कमी चिंता’ या गटात होते. संख्या घटते आहे, हे खरंच. फांदीला फांदी लागलेलं रान तुटलं की त्याची पंचाईत होते. पण संकटग्रस्त ते नव्हे. 

आंबोली टोडचं शास्त्रीय वर्णन झालं २००९ मध्ये. कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असलेला हा चिमुकला जीव याच यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. मग इतके दिसतात कसे? पहिल्या दमदार सरींबरोबर सगळे एकदम विणीला बाहेर पडतात म्हणून. जांभ्याच्या सड्यावरच्या उथळ खळग्यांत मादी मोजकीच अंडी घालते. साधा टोड हजारोंनी घालतो. पावसाने चार दिवस ओढ दिली की खळगा आटतो, जोराचा लोंढा आला की अंडी वाहून जातात. त्यात रात्रीच्या गाड्या. आंबोली परिसर सोडला तर त्याला दुसरं घर नाही. म्हणजे सड्यावर दिसलेली ती गर्दी अख्ख्या जातीचा मोठा हिस्सा असू शकते.

‘त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवरही धो धो पाऊस पडतो, मग इथे आंबोली टोड का नाही?’ नुसत्या पावसाने भागत नाही. आंबोलीला जांभा, इथे काळा बेसाल्ट. त्र्यंबकमध्ये दिव्याखाली किडे टिपत बसतो तो साधा टोड, पार आग्नेय आशियापर्यंत पसरलेला.

त्याला शिवलं की चामखीळ येते, हेही खोटं. चामखीळ विषाणूमुळे येते. डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष मात्र असतं. तोंडात धरला तर कुत्र्याला त्रास होतो. आपण हाताळलाच, तर डोळे न चोळता आधी साबणाने हात धुवावेत.