चित्र ओळखीचे, चित्रकार अनोळखी

अमर चित्रकथा, नागराज, सुप्पांडी, शिकारी शंभू... दोन-तीन पिढ्या ज्या चित्रांवर वाढल्या, ती काढणारे कितीतरी हात मराठी होते. पण त्यांची नावे किती घरांत ठाऊक आहेत?

भिलाई ही छत्तीसगडमधली पोलादनगरी. इथल्या मातीत महाभारत आधी कानांनी ऐकले जाते. जवळच्या गनियारी गावच्या तीजनबाईंनी हातात तंबुरा घेऊन पंडवानी देशोदेशी नेली. भिलाईच्या पोलाद कारखान्यात त्यांनी नोकरीही केली. २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण देऊन सरकारने त्यांचा गौरव केला. त्यांच्या हातातला तंबुरा क्षणात भीमाची गदा होतो, तर क्षणात अर्जुनाचे धनुष्य. हे महाभारत कोणाचे, असे तिथल्या कुणालाही विचारले, तर उत्तर लगेच मिळेल, 'तीजनबाईंचे!'

आता त्याच भिलाईच्या एखाद्या सेक्टरमध्ये, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये वाढलेल्या आणि कॉमिक्समधून महाभारत वाचलेल्या माणसाला विचारून पाहा. भीमाचे नाव काढताच तुमच्या डोळ्यांपुढे जो भीम उभा राहतो, तो काढला कुणी? तो माणूस बहुधा गोंधळेल. नागपूर, पुणे किंवा मुंबईच्या वाचकाची अवस्थाही याहून वेगळी नसेल. खरे तर या प्रश्नाचे उत्तर एक मराठी नाव आहे, दिलीप कदम.

हजारावर पानांचे महाभारत

१९८५ साली अमर चित्रकथेने महाभारताची मालिका सुरू केली. दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचे 'महाभारत' १९८८ मध्ये आले, म्हणजे त्याच्याही तीन वर्षे आधी. ही मालिका ४२ भागांत पूर्ण झाली. प्रत्येक भाग साधारण ३२ पानांचा धरला तरी हा पसारा तेराशे पानांच्या घरात जातो. पुढे तो तीन जाडजूड खंडांत बांधून निघाला आणि आजही घराघरांत वाचला जातो. त्यातली चित्रे कदम यांची.

हे काम केवढे, याची कल्पना वाचताना येत नाही. कादंबरीकार 'सैन्य निघाले' एवढे दोन शब्द लिहून मोकळा होतो. चित्रकाराला मात्र हत्ती, घोडे, रथ, ध्वज आणि माणसे काढावी लागतात, आणि पुढच्या चौकटीत तेच सैन्य दुसऱ्या बाजूने दाखवावे लागते. भीष्म तरुणपणी प्रतिज्ञा करतात आणि म्हातारपणी शरपंजरी पडतात, पण चेहरा एकाच माणसाचा वाटला पाहिजे. शंभर कौरवांत दुर्योधन चटकन ओळखू आला पाहिजे. शिवाय प्रत्येक चौकटीत संवादाच्या फुग्यासाठी जागा सोडायची. मजकूर अनेक भाषांत छापायचा असला, तर कमी-जास्त होणाऱ्या शब्दांचाही अंदाज ठेवायचा. आधी पेन्सिलीचे रेखाटन, मग काळ्या शाईची पक्की रेघ आणि त्यानंतर रंग. संगणक नव्हता त्या काळात हे सारे हातानेच चालत असे.

मराठी हातांची परंपरा

कदम काही एकटे नव्हते. अमर चित्रकथेची सुरुवात १९६७ ची. संपादक अनंत पै मूळचे कारकळचे, पण त्यांची कर्मभूमी मुंबई. त्यामुळे त्यांच्याभोवती जमलेल्या चित्रकारांत मराठी मंडळी पुष्कळ होती. या मालिकेतल्या पहिल्या भारतीय कथेचा, 'कृष्णा'चा, निळासावळा बालकृष्ण रंगवला तो राम वाईरकरांनी. याच वाईरकरांनी पुढे 'टिंकल' या बालमासिकात सुप्पांडीला रूप दिले. तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने तमिळ लोककथांतल्या वेंधळ्या नोकराच्या गोष्टी पाठवल्या होत्या. त्या कागदावरच्या नोकराला चपट्या डोक्याचा, उंच, हाडकुळा देह मिळाला तो वाईरकरांच्या रेघेतून.

त्याच मासिकातला भित्रा शिकारी शंभू वसंत हळबे यांनी काढला. डोळ्यांवर उतरलेली टोपी आणि खाली झुबकेदार मिशा. डोळे न दाखवता माणूस घाबरलेला दाखवणे हे सोपे काम नव्हे! कालिया कावळा प्रदीप साठे यांच्या, तर राजाला हटवून गादीवर बसण्याचे बेत रचणारा तंत्री मंत्री अशोक डोंगरे यांच्या लेखणीतून उतरला.

पुण्याचे प्रताप मुळीक म्हणजे या मांदियाळीतले मोठे नाव. अमर चित्रकथेतला 'शिवाजी' त्यांनीच चितारला. त्याची संहिता होती 'फास्टर फेणे'चे जनक भा. रा. भागवत यांची. नंतर दिल्लीच्या राज कॉमिक्ससाठी त्यांनी नागराजच्या सुरुवातीच्या अनेक अंकांची चित्रे काढली. १९८६ साली अवतरलेल्या या नागराजने हिंदी मुलखातल्या मुलांना वेड लावले. पुण्यात काढलेले चित्र दिल्लीत छापायचे आणि वाचले जायचे कानपूर, पाटणा, भिलाई अशा गावांत. अनेक ठिकाणी तर भाड्याने, पाळीपाळीने! मुळीकांनी रेखाटनावर लिहिलेले पुस्तक ज्योत्स्ना प्रकाशनाने काढले आहे. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांना ते आजही उपयोगी पडते.

नाव आतल्या पानावर

या साऱ्या मंडळींची नावे कुठे असायची? बहुतेक वेळा आतल्या पानावर, बारीक अक्षरात, एका ओळीत. मुखपृष्ठावर मान नायकाचा आणि मालिकेचा. मूल अंक हाती पडताच गोष्टीत शिरते, ती ओळ त्याच्या नजरेस पडत नाही. आणि मोठ्या माणसांनीही ती त्याला कधी वाचून दाखवली नाही.

या व्यवसायाची रीतच अशी होती. चित्रकाराने ठरलेले मानधन घेऊन पाने करून द्यायची, पात्र मात्र प्रकाशनाचे राहायचे. चित्रकार बदलला तरी पात्र चालूच राहते. २००३ मध्ये वाईरकर गेले, सुप्पांडी मात्र चालतच राहिला. त्यांची मुलगी अर्चना आंबेरकर हिनेही सुप्पांडी काढला, हा या गोष्टीतला हृद्य भाग. हळबे यांच्यानंतर शिकारी शंभू सॅव्हिओ मस्कारेन्हास यांनी पुढे नेला.

या रीतीत मासिके वेळेवर निघाली आणि मुलांना स्वस्तात गोष्टी मिळाल्या, हे मान्यच करायला हवे. पण चित्रकाराला ओळख मिळाली नाही, तर त्याला पुढचे काम मागताना जोर कुठून येणार? नाव हा केवळ मानाचा विषय नसतो. त्यावर त्याचा संसारही चालत असतो.

मुखपृष्ठावर आलेले नाव

चित्र बदलू लागले ते १९९० नंतर. नर्मदेच्या धरणाचा प्रश्न मांडणारे ओरिजित सेन यांचे 'रिव्हर ऑफ स्टोरीज' १९९४ साली आले. भारतातल्या पहिल्या चित्र-कादंबऱ्यांत त्याची गणना होते. इथे लिहिणारा आणि काढणारा एकच होता, आणि पुस्तक ओळखले गेले ते त्याच्याच नावाने.

गोव्यात वाढलेल्या आणि तिथल्याच कला महाविद्यालयात शिकलेल्या अमृता पाटील यांनी महाभारतच हाती घेतले. २०१२ च्या 'आदिपर्व'मध्ये कथा सांगते गंगा, तर २०१६ च्या 'सौप्तिक'मध्ये अश्वत्थामा. शब्द त्यांचे, रंग त्यांचे आणि मुखपृष्ठावर नावही त्यांचे. तीजनबाईंच्या महाभारताला जशी त्यांची मुद्रा आहे, तशी इथे चित्रकर्तीची आहे.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राचे. अमर चित्रकथेने १९७९ साली ते काढले, तेव्हा चित्रे होती दिलीप कदम यांची. २०११ मध्ये तेच चरित्र 'भीमायन' या नावाने आले. यातली चित्रे मध्य प्रदेशातल्या परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांची. त्यांनी चौकटी आखायला नकार दिला. माणसे कोंडून घालायची नाहीत, मोकळी ठेवायची, हा त्यांचा विचार. मऊ बोलणाऱ्याच्या संवादाला त्यांनी पक्ष्याचा आकार दिला आणि विखारी बोलणाऱ्याच्या संवादाला विंचवाची नांगी. मुखपृष्ठावर त्यांची नावे आहेत. २०२२ मध्ये दुर्गाबाईंना पद्मश्री मिळाली.

घरात चित्रकार असेल तर...

वहीच्या मागच्या पानावर राक्षस आणि नायक काढणारे मूल अनेक घरांत असते. 'यात पोट भरेल का?' ही आईवडिलांची काळजी खोटी नाही. पण शिक्षणाच्या वाटा आहेत. मुंबईचे सर ज. जी. कला महाविद्यालय १८५७ पासूनचे. भिलाई-दुर्गच्या मुलांना तर खैरागढचे इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय हाकेच्या अंतरावर आहे. १९५६ मध्ये ते तिथल्या संस्थानिकांच्या राजवाड्यात सुरू झाले.

शिक्षणाइतकीच गरज आहे ती हक्क समजून घेण्याची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या काही गोष्टी चित्रकाराच्या घरच्यांनीही माहीत करून घ्याव्यात. नोकरीत असताना नोकरीचा भाग म्हणून काढलेल्या चित्राचा हक्क, वेगळा करार नसेल तर, मालकाकडे जातो. बाहेरून मानधनावर काम घेतले असेल, तर हक्क कुणाचा हे सुरुवातीलाच कागदावर ठरवून घ्यावे, म्हणजे पुढे वाद होत नाही. चित्रकाराचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखीच द्यावा लागतो. त्यात कोणते काम, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे नमूद असावे. मुदत लिहिलेली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हक्क विकून टाकला तरी 'हे चित्र मी काढले आहे' असे सांगण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे चित्रकाराकडेच राहतो.

कायदा एवढे देतो. उरलेले वाचकांच्या हाती आहे. यापुढे मुलाला चित्रकथा वाचून दाखवाल, तेव्हा पहिले पान उलटण्याआधी ती बारीक अक्षरातली ओळही मोठ्याने वाचा. भीमाइतकेच भीम काढणाऱ्याचे नावही त्याच्या लक्षात राहू द्या.