पोळलेली पाठ

मे महिन्यात मालवणला स्नॉर्केलिंग करून आलेल्या पर्यटकाला दुपारी सहसा काहीच जाणवत नाही. मासळीच्या थाळीवर ताव मारून होतो, संध्याकाळी तारकर्लीच्या वाळूत भटकणंही होतं. रात्री मात्र गादीला पाठ टेकवत नाही. सदरा नुसता घासला तरी डोळ्यांत पाणी येतं आणि मग लॉजच्या स्वयंपाकघरात दह्याची, हळदीची, लिंबाची चौकशी सुरू होते.

हा उशीर ठरलेलाच असतो. सूर्याचे अतिनील किरण, त्यातही आखूड लहरींचे ‘यूव्हीबी’ किरण, त्वचेच्या पेशींतल्या डीएनएला इजा करतात. त्यानंतर शरीर दाह निर्माण करणारी रसायनं सोडतं आणि रक्तवाहिन्या रुंदावतात. याला तीन ते पाच तास लागतात. आगआग सर्वाधिक होते ती १२ ते २४ तासांनी. म्हणजे दुखायला लागतं तेव्हा इजा होऊन गेलेली असते. ती पुसून टाकणारं औषध ना फडताळात आहे, ना दुकानात. घरगुती उपचाराचं काम एवढंच, की वेदना कमी करायची आणि जखमेत नवी भर घालायची नाही. आपल्याकडे बिघडतं ते बहुतेकदा या दुसऱ्या बाबतीत.

ही भाजणूक उष्णतेची नसते. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी एव्हरर्ड होम या इंग्रज शल्यचिकित्सकाने हातावर काळं कापड धरून उन्हात प्रयोग केला. कापडाखाली तापमान जास्त होतं, तरी तिथली त्वचा पोळली नाही. उघडी मात्र पोळली. समुद्रावरचा गार वारा फसवतो तो यामुळेच. पाण्याखाली अर्ध्या मीटरवरही पृष्ठभागाच्या सुमारे ४० टक्के अतिनील किरण पोचतात, आणि लाइफ जॅकेट घालून पालथं तरंगणाऱ्याची मान आणि पोटऱ्या तर पाण्याच्या वरच असतात. त्यात मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात कोकण किनाऱ्यावर शून्य सावलीचे दिवस येतात. भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर असतो.

सावळ्या त्वचेतलं मेलॅनिन थोडं संरक्षण देतं, अभेद्य कवच नव्हे. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली उन्हाच्या परिणामानुसार त्वचेचे प्रकार मांडले, तेव्हा गोरी त्वचाच डोळ्यांपुढे होती. गव्हाळ-काळ्या रंगांना जागा नंतर मिळाली. पुस्तकातल्या लालभडक खुणा आपल्याकडे दिसतीलच असं नाही. हात लावल्यावर गरम लागणारी, ताणलेली, दुखरी त्वचा हीच खूण समजावी.

आधी सावलीत यावं आणि गार पाण्याने अंघोळ करावी. नंतर ओला सुती पंचा दहा-पंधरा मिनिटं पाठीवर ठेवावा, दिवसातून अनेकदा. बर्फ थेट लावू नये. दुखावलेल्या त्वचेला त्यानेही इजा होते. अंग टिपून घ्यावं आणि थोडी ओल असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावावं. कॅलामाइनही चालतं. कुंडीतली कोरफड वापरायची तर पान कापून पिवळा चीक आधी निथळू द्यावा, कारण त्याने खाज सुटते; गर आतला, पारदर्शक घ्यावा. पाणी, ताक, शहाळं भरपूर प्यावं.

तूप आणि खोबरेल पहिल्या दिवशी दूरच ठेवावं. तेलकट थरात उष्णता कोंडते. बेसनाचं उटणं चोळणं म्हणजे तर स्वतःवर सूड. सगळ्यांत वाईट लिंबू. त्याच्या रसातली फ्युरोकौमरिन द्रव्यं उन्हाशी संयोग पावून स्वतंत्रपणे फोड आणि काळे डाग उठवतात. त्वचा बधिर करणाऱ्या, बेंझोकेन असलेल्या मलमांचीही ॲलर्जी येऊ शकते.

दुखणं थांबवायला आयबुप्रोफेन चांगलं, पण ते भरल्या पोटी. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर किंवा गर्भारपण असेल तर नाही. सोबत ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर पॅरासिटामॉलच घ्यावं. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

फोड आले म्हणजे भाजणूक दुसऱ्या पायरीची. ते फोडायचे नाहीत. वरची कातडी हेच सर्वांत स्वच्छ बँडेज असतं. एखादा आपणहून फुटलाच तर साबण-पाण्याने हळुवार धुऊन, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर देऊन न चिकटणारी पट्टी बांधावी. फोड मोठ्या भागावर पसरले, थंडी वाजून ताप चढला, उलट्या झाल्या, पू दिसला किंवा पोळलेलं मूल वर्षाच्या आतलं असलं तर थेट डॉक्टर गाठावा. माणूस असंबद्ध बोलू लागला तर तो उष्माघात असू शकतो. तेव्हा १०८ क्रमांकाला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत राहावं.

थोड्याशा उन्हातच कुणी असं पोळलं तर गोळ्यांचा डबा उघडून बघावा. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) साथीत कोकणात दिली जाणारी डॉक्सिसायक्लिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांतलं हायड्रोक्लोरोथायझाइड त्वचेला उन्हाबाबत हळवी करतात. गोळी मनाने बंद करू नये, लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावं. तोवर पोहताना लांब बाह्यांचा सदरा घालावा.